बिनवायरच्या चार्जिंगच्या पाटावर खिळा, चांदी नाही तर मांजर आली तर? (अनुभव आला, सल्ला पाहिजे)

संत्रावाला_वरुड

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहून रायलो. मधामधात वऱ्हाडी येईन, चालवून घ्या.

वरुडपासून थोडं आत आमचं गाव. चार एकर संत्रा, दोन म्हशी, अन् मागच्या वर्षी घेतलेली ४८ व्होल्टची तीनचाकी लोडर. जाताना संत्र्याचे क्रेट, येताना ढेप, बाकी दिवशी गावातल्या लोकायचं सामान. चार्जिंग गोठ्याला लागून टिनाची छपरी हाये, तिथं. प्लगची कटकट एवढी का विचारू नका. दोनदा सॉकेट जळालं, एकदा उंदरानं केबल कुरतडली, अन् आमचे बाबा ओल्या हातानं पिन काढते. कितीही सांगा.

महिन्याखाली एक विकणारा आला. जमिनीवर एक पाट ठेवायचा, गाडीच्या पोटाखाली एक पेटी बसवायची, गाडी पाटावर आणून उभी केली का चार्जिंग चालू. आठ दिवस वापरून पाहा म्हणे, मग पैसे. पाट हे नाव आमच्या घरचं, त्याचं काहीतरी लंबंचौडं नाव होतं. आईनं पहिल्या दिवशी त्याले हळदकुंकू लावलं.

पाच दिवस झकास गेले. सहाव्या रात्री म्हशीले पाहाले उठलो तर जळका वास. म्हशीच्या गोळ्यायची रिकामी पट्टी, ती जाड चांदीवाली, वाऱ्यानं उडून पाटावर गेलती. कडा काळ्या, गुंडाळी झालेली, अन् पाटाच्या रबरावर आठ आण्याएवढा डाग. आधी मेन बंद केला मग हात घातला, तेवढी अक्कल होती. मोबाइलवर मात्र हिरवा दिवा, ‘चार्जिंग सुरळीत’.

सकाळी विकणाऱ्याले फोन लावला. तो म्हणे, “दादा, परकी वस्तू ओळखायची सोय आहे त्यात. मोठी वस्तू असती तर लगेच थांबलं असतं.” मोठी वस्तू तर मले डोळ्यानं दिसते बाप्पा! त्यासाठी मशीन कायले पाहिजे?

मग मीच बांबूच्या काडीनं एकेक वस्तू आत सरकवून पाहिली. विळा सरकवला, डोळ्याचं पातं लवते न लवते तो बंद. स्टीलचा गिलास, बंद. पाच रुपयाचं नाणं, चालूच राहिलं, नंतर मेन बंद करून काढलं तर कोमट. एक रुपयाचं नाणं, चालूच, अन् पाच मिनिटानं बोटाले चटका. संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकाच्या चुका (बारीक खिळे) मूठभर टाकल्या, एकदा थांबलं, जागा बदलली तर नाही थांबलं.

आता आमचं अंगण ऐका. क्रेट यायच्या आधी लाकडी पेट्या होत्या, त्यायच्या चुका अजून निघते. बैल होते तेव्हाचे नालाचे खिळे दर पावसाळ्यात काळी माती वर फेकते. बाइंडिंग वायर, ट्रॅक्टरच्या पिना. छपरीत मांजर व्यालेली. शेळीच्या पिल्लायच्या गळ्यात घुंगरू, अन् ते पिल्लू गाडीखाली बसल्याशिवाय राहत नाही.

हे यंत्र वस्तू ओळखते तरी कसं? विळा दिसते अन् चांदी दिसत नाही, असं काहून? पाट ठेवू का वापस करू? मी स्पीकरचं लोहचुंबक दोरीले बांधून रोज पाटावरून फिरवाचा विचार केला, तेवढं पुरते का?

---

टपरीवरचा

भाऊ, वीस रुपयाचा टेस्टर घे, नवीन सॉकेट लाव अन् झोप. वायर असताना बिनवायरचं खूळ कायले? उद्या बिनपाण्याचा संत्रा लावशील.

---

संत्रावाला_वरुड

@टपरीवरचा, उंदराले टेस्टर दाखवून पाहिला, ऐकत नाही.

---

अकोलेकर_कॉइलवाला

दादा, तुम्ही केलेली चाचणी बऱ्याच विक्रेत्यांनी करून दाखवली नसती. पण पुढच्या वेळी नाण्याला बोट लावू नका. मी हेच काम करतो (कारच्या चार्जरवर), म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तत्त्व. तुमचा पाट म्हणजे इंडक्शन चुलीचा भाऊ. खालच्या कॉइलमध्ये सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा करंट सोडतात. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून वरच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. कारसाठी अमेरिकेतल्या एसएई या वाहन इंजिनियरांच्या संस्थेचं ‘जे २९५४’ हे मानक २०२० साली आलं, त्यात ७९ ते ९० किलोहर्ट्झचा पट्टा आणि ३.७, ७.७, ११.१ केव्हीए असे ताकदीचे वर्ग आहेत. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनियरिंग कॉलेजबरोबर जो चार्जर विकसित केला तो १.५ किलोवॅटचा, ४८ व्होल्टच्या बॅटरीसाठी, सुमारे तीन तासांत ९० टक्क्यांपर्यंत भरणारा. म्हणजे तुमच्या लोडरच्या मापाचाच. तुमच्याकडचा पाट कोणाचा ते मला माहीत नाही आणि इथं लिहूही नका.

चुलीवर जसं पातेलं तापतं तसं या दोन कॉइलच्या फटीत आलेला कुठलाही धातू तापतो. विळा का दिसला आणि चांदी का नाही, हे तुमचं यंत्र कशावरून ओळखतं यावर आहे. माझा अंदाज, त्यात सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. खालून किती वॅट सोडले, वर किती पोचले, फरक जास्त आला की थांब. डेअरीत घरून नेलेलं दूध आणि मापात भरलेलं दूध यांचा हिशेब लावावा तसं. बादली लवंडली तर कळतं, चमचाभर सांडलं तर नाही. व्हीएनआयटीच्या त्या चार्जरची कार्यक्षमता ८९.३ टक्के जाहीर झाली आहे. म्हणजे दीड किलोवॅट पोचवायला आत सुमारे १,६८० वॅट लागतात आणि १८० च्या आसपास नुसती उष्णता होऊन जातात, पाट कोरा असतानासुद्धा! नाण्यानं खाल्लेले चारदोन वॅट या १८० च्या गर्दीत कुठे शोधायचे? मोबाइलच्या छोट्या चार्जरला हा हिशेब बराचसा जमतो, कारण तिथं गर्दीच कमी. गाडीला जमत नाही.

त्यात तुमची लोडर रोज सारखी उभी राहत नाही. क्रेट भरलेले असले की कमानपाटे दबतात, फट कमी होते. कधी वीतभर डावीकडे, कधी उजवीकडे. प्रत्येक वेळी तो हिशेब हलतो. म्हणून कंपनी काय करते, इशारा द्यायची मर्यादा सैल ठेवते. घट्ट ठेवली तर रोज फुकटचं थांबेल आणि गिऱ्हाईक शिव्या देईल. तुमची पट्टी त्या सैल जागेतून निसटली.

आता पट्टी एवढी का जळली. पातळ पत्र्याला वजनच नसतं, त्यामुळे थोडे वॅटही त्याला झटक्यात तापवतात, आणि त्याला चिकटलेलं प्लास्टिक किंवा कागद पेट घेतो. ही बाब या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, गोळ्यांची पट्टी असल्या वस्तूंना आम्ही पान्यापेक्षा जास्त घाबरतो. पाना मोठा, लगेच सापडतो. नाण्यांचं उत्तर सोपं आहे. २०११ पासूनच्या मालिकेतला एक रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे, पाच रुपया निकेल-पितळेचा. चुंबकाला चिकटणारा धातू अशा क्षेत्रात जास्त तापतो.

आणि म्हणूनच तुमचं स्पीकरचं चुंबक. फिरवा, चुका आणि नालाचे खिळे निघतील. पण पट्टीची चांदी म्हणजे ॲल्युमिनियम, ते चुंबकाला चिकटत नाही. जी वस्तू तुमच्याकडे खरोखर जळली, नेमकी तीच मागे राहील. त्यासाठी खराटा आणि डोळेच हवेत.

चांगल्या यंत्रात काय असतं ते सांगतो. एक, चार्जिंग सुरू करण्याआधी अगदी थोडी वीज सोडून कॉइलचा ‘नाद’ पाहतात. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडा. पाटावर धातू असला की कॉइलही बद्द वाजते. दुसरं, आणि माझ्या मते खरं काम करणारं, म्हणजे पाटाच्या वरच्या थरात पसरलेली छोट्या छोट्या कॉइलची चटई. त्या वीज देत नाहीत, फक्त पाहारा करतात. त्यांच्या जोड्या उलटसुलट जोडलेल्या असतात, तराजूच्या दोन पारड्यांसारख्या. गाडी मोठी, तिचा परिणाम दोन्ही पारड्यांवर जवळपास सारखा, म्हणून काटा हलत नाही. चूक एका पारड्यात पडली की काटा हलतो. पण चूक नेमकी दांडीच्या मधोमध पडली तर? तर तराजू गप्प. म्हणून चांगले लोक दुसरी चटई थोडी सरकवून पहिलीवर घालतात, म्हणजे एकीची मधली रेघ दुसरीच्या पारड्यात येते. जागा बदलली की तुमचा निकाल बदलत होता, त्यामुळे तुमच्या पाटात एकेरी चटई असण्याचीही शक्यता आहे. खोलून पाहू नका.

उष्णतेचा कॅमेराही लावतात. पण आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी जमीनच एवढी तापलेली असते की गरम खिळा वेगळा ओळखणं अवघड जातं, शिवाय भिंगावर एकदा चिखल उडाला की संपलं. तुम्ही रात्री चार्ज करता हे त्यातल्या त्यात बरं.

मांजरीचं प्रकरण वेगळं आहे. ती धातू नाही, त्यामुळे वर लिहिलेलं काहीही तिला पाहत नाही. तिच्यासाठी वेगळा रडार किंवा तत्सम सेन्सर लागतो, जो हालचाल आणि श्वासाची लय टिपतो. मांजर काही पातेल्यासारखी शिजणार नाही, पण फटीतलं क्षेत्र माणसांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर असतं, तिथं जिवंत काहीच नको. (सर्वसामान्य माणसांसाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१० ची मर्यादा या पट्ट्यात २७ मायक्रोटेस्ला आहे; मायक्रोटेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं माप.) शेळीच्या पिल्लाचं घुंगरू मात्र तापेल, आणि ते गळ्याला चिकटलेलं आहे. ते आजच काढा.

---

रिटायर_लाइनमन

पोरा, अकोलेकरानं मशीनचं सांगितलं, मी लाइनचं सांगतो. चाळीस वर्षं खांबावर काढली म्या.

तुह्या गावात रात्री लाइन किती डाव जाते? पावसाळ्यात दोनतीन डाव तरी जात असंन. लाइन गेली का पाट थंड झाला. मांजरीले ते बरोबर समजते, मऊ रबर, वरून गाडीचं छप्पर. पिल्लायसकट येऊन बसते. वारा सुटते, पन्नी, पट्टी, काड्याकचरा आत येते. रात्री अडीच वाजता लाइन आली, तू झोपेल. आता ते मशीन काय करते? आधी तपासते का सरळ चालू होते? मले इचारशील तर सगळा खेळ अठीच हाये. विकणाऱ्याच्या दुकानात लाइन जात नाई, म्हणून त्याच्या ध्यानातच येत नाई.

दुसरं, छपरीत कोबा करून पाट बसवशील तर त्या जागी लोखंडाची जाळी टाकू नको. अन् अर्थिंग नवीन कर. पुन्हा गोठ्याजवळची जागा, मुताचा ओलावा. आरसीसीबी (करंट गळला का लाइन तोडणारा खटका) लावल्याबिगर काही चालू करू नको. म्हशीले शॉक माणसापेक्षा लवकर लागते, हे म्या डोळ्यानं पाहेल हाये.

---

अकोलेकर_कॉइलवाला

काका, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. कबूल. आमच्या प्रयोगशाळेतही यूपीएस आहे, त्यामुळे वीज जाऊन येणं ही चाचणी आम्ही मुद्दाम आठवून करतो, नाही तर राहूनच जाते.

दादा, याची चाचणी तुम्हाला घरी करता येईल, आणि कशालाही हात न लावता. मेन बंद करा. पाटावर विळा ठेवा, गाडी वर आणा. दूर उभे राहून मेन चालू करा. गाडीतला चार्जिंगचा दिवा लागतो का पाहा. दिवा न लागता सरळ इशारा आला तर यंत्र आधी तपासतं. दिवा लागून मग बंद झाला तर ते आधी वीज सोडतं आणि मग विचार करतं. चांदीची पट्टी ठेवून ही चाचणी करू नका.

---

अमरावतीची_सुनबाई

मी शेतकरी नाही, पण आमच्याकडेही लोडर घ्यायचं चाललंय म्हणून वाचत होते. दोन शंका. माझ्या सासऱ्यांना पेसमेकर आहे आणि त्यांची बाज अंगणातच असते. आणि मी स्वतः झाडताना गाडीखाली हात घालते, हातात पाटल्या आणि बांगड्या. काचेच्या बांगड्यांचं काही नाही ना?

---

अकोलेकर_कॉइलवाला

ताई, काचेच्या बांगड्यांना काही होत नाही. पाटली म्हणजे धातूचं बंद कडं, त्यात करंट फिरायला रस्ता तयारच आहे. चालू असताना हात घालूच नका, पाटल्या असोत नसोत.

पेसमेकरसाठी जे २९५४ मध्ये १५ मायक्रोटेस्ला ही वेगळी, कमी मर्यादा धरली आहे. गाडीच्या बाजूला उभं राहिल्यावर ती पाळली जाते का, हे मोजून लेखी द्यायला सांगा. सासऱ्यांच्या डॉक्टरांना चार्जरची वारंवारता आणि वॅट कागदावर लिहून दाखवा. तोवर बाज दुसऱ्या टोकाला.

---

टपरीवरचा

वायरीचा प्लग लावला असता तर एवढं वाचावं लागलं नसतं. पण माठाचं पटलं.

---

संत्रावाला_वरुड

काका, अकोलेकर भाऊ, दोघायचंही मानलं. घुंगरू त्याच संध्याकाळी काढलं, आई रागावली, म्हणे पिल्लू हरवलं तर तुलेच शोधाले लावीन.

विळ्याची चाचणी काल केली. पुतण्याले मोबाइलवर शूटिंग कराले लावलं अन् मी मेनपाशी. मेन चालू केला, दिवा लागला. एक, दोन, तीन मोजलं, मग दिवा गेला अन् इशारा आला. परत केलं, तेच. तिसऱ्यांदा बाबायनं केलं, तेच. म्हणजे लाइन आली का हे आधी वीज सोडते.

ती क्लिप विकणाऱ्याले पाठवली अन् खाली तीन गोष्टी लिहिल्या. लाइन परत आल्यावर आधी तपासणी का नाही? पाटात पहाऱ्याच्या कॉइलची चटई एक हाये का दोन? मांजरीसाठी काय हाये? तासाभरानं उत्तर आलं, पहिल्याचं. म्हणे, ‘सॉफ्टवेअर अपडेटमध्ये येईल.’ बाकी दोघायवर नुसता अंगठा.

@अकोलेकर_कॉइलवाला, एक राहिलं. समजा पाट ठेवलाच, तर चारही बाजूनं तारेची जाळी मारू का, पिल्लू अन् कचरा दोन्ही अडते?

---

अकोलेकर_कॉइलवाला

तारेची जाळी नको! तिचा प्रत्येक चौकोन म्हणजे बंद कडं, पाटाच्या जवळ असेल तर जाळीच तापेल. बांबूचा तट्टा लावा, खिळ्यांऐवजी सुतळीनं बांधा. खाली जमिनीलगत फट ठेवू नका, मांजर तिथूनच येईल. आणि पाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं उंच, मधे किंचित फुगीर बसवला तर निम्मा कचरा आपोआप घसरतो.

पण खरं विचाराल तर आत्ताच्या स्थितीत मी तो पाट रात्री, कोणी जागं नसताना, चालू ठेवला नसता.

---

रिटायर_लाइनमन

तट्टा लाव, बरोबर हाये. पण तट्टा पट्टीले अडवते, मशीनले शाणं करत नाई.

---

संत्रावाला_वरुड

परवा वापस नेऊन टाक म्हणून सांगितलं त्याले. डागाचे पैसे मागून रायला, क्लिप गावातल्या व्हाट्सॲप ग्रुपवर टाकू का विचारलं तर चूप बसला. अपडेट आलं, चटई दुहेरी निघाली अन् मांजरीची सोय झाली तर परत बोलू म्हटलं, तवाही पहिली चाचणी विळ्याचीच अन् मेन बंद करूनच.

तोवर नवीन सॉकेट छपरीत उंचावर बसवलं, आरसीसीबीसकट, केबल लोखंडी पाइपातून घेतली. टपरीवाल्या भाऊ, तुमी जितले. बाबायसाठी सॉकेटवर टॉवेल टांगून ठेवला हाये, हात पुसाले. काल त्यायनं त्याच टॉवेलनं म्हशीची कास पुसली.